प्रणयकथेतील ऋतू आणि स्थळ

मराठी प्रणयकथेला ऋतूंचे आणि स्थळांचे आकर्षण प्रारंभापासून आहे. मात्र त्यांचे कथेतील कार्य सर्व काळी सारखे राहिलेले नाही.

या परंपरेचे मूळ महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त सापडते. सातवाहन नृपती हाल याच्या नावाशी निगडित असलेल्या या संग्रहात गोदाकाठ, विंध्याचा परिसर आणि शेतशिवारे वारंवार येतात. पावसाळ्यात नद्यांना पूर येई, वाटा बंद होत. परगावी गेलेला पती मेघ दाटण्यापूर्वी परतला नाही, तर पुढील काही महिन्यांचा विरह अटळ असे. उभ्या पिकाच्या आडोशाने भेटणाऱ्या प्रेमिकांचे संकेतस्थळ सुगी हिरावून घेई. प्रेमिकांची भेट होणार की नाही, हे येथे ऋतूच ठरवतो.

एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या अवतरल्या. या धाटणीच्या लेखनात उपवने, चांदणे आणि वसंत विपुल असले, तरी ते बहुधा काव्यसंकेतांनुसार येतात. एका उपवनाच्या जागी दुसरे योजले, तरी कथानकास बाधा येत नाही. तथापि मराठी वाचकाला कादंबरीची गोडी लावण्याचे श्रेय या ग्रंथांना दिलेच पाहिजे.

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ने (१९३९) स्थळाला पुन्हा निर्णायक केले. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा यांची भेट होते. त्याला मुंबईस उतरावयाचे आहे, तिला मात्र पुढे जाणे भाग आहे. ऋतूचे कार्य येथे प्रवासाचे मोजके दिवस करतात; मागे पडणारे प्रत्येक बंदर प्रेमाचे आयुष्य कमी करते.

श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’त (१९५२) कोकणातील लहानसे गाव हीच बापू आणि राधा यांच्या प्रेमाची कसोटी ठरते. जेथे काहीच लपून राहत नाही, तेथे उघडपणे प्रेम करणे म्हणजे साऱ्या गावाचा रोष पत्करणे होय. ही कथा शहराच्या गर्दीत नेली, तर तिचे बळच ओसरेल.

प्रणयकथेतील निसर्गवर्णन वाचताना रसिकाने हाच निकष लावावा. पाऊस किंवा गाव बदलूनही नायक-नायिकांच्या नशिबात फरक पडत नसेल, तर ते वर्णन कितीही सुंदर असले तरी कथेच्या बाहेरच राहिले, असे समजावे.