विसर आणि यादी

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटन शहराजवळच्या राइट विमानतळावरून बोइंग कंपनीचे चार एंजिनांचे नवे विमान उडाले, एकदम उभे चढले आणि कोसळले. चालक मेजर हिल आणि कंपनीचे वैमानिक टॉवर प्राणास मुकले. एंजिनांत दोष नव्हता. विमान उभे असताना वाऱ्याने शेपटीची सुकाणे हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहून गेला होता. हिल काही नवशिके नव्हते. परंतु कामे इतकी वाढली होती, की नुसत्या स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणे धोक्याचे झाले होते. तेव्हा वैमानिकांनी उड्डाणापूर्वी वाचून पडताळण्याची यादी तयार केली. पुढे हेच विमान ‘बी-१७’ या नावाने दुसऱ्या महायुद्धात गाजले.

तथापि यादी झाली म्हणजे विसर संपला असे नव्हे. १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट येथे पंखांच्या झडपा न उघडताच एक प्रवासी विमान उडाले आणि १५६ माणसे मृत्युमुखी पडली. धावपट्टीकडे जाताना वाचायची यादी वाचलीच गेली नव्हती. धोक्याचा इशारा देणारे यंत्रही मुके राहिले. कागद आठवण करून देतो खरा. पण कागद वाचण्याची आठवण माणसालाच ठेवावी लागते.