पाहुण्याची सर्दी

बुऱ्हाणपूरचं स्टेशन आपल्या लालबागात. हृदयात छिद्र असलेल्या लेकराची मोठ्या दवाखान्याची वाट इथूनच निघते, भुसावळवरून मुंबईला नाहीतर खंडव्यावरून इंदूरला. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, त्यात जन्मजात हृदयदोषही आला. आता गरिबाघरचं बाळही टाके घेऊन परततं, आणि बघायला येणाऱ्यांची रीघ लागते. त्या रीघेची भीती का, हे इतिहासच सांगतो.

29 नोव्हेंबर 1944 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ब्लॅलॉक यांनी सव्वा वर्षाच्या, निळ्या पडलेल्या मुलीवर शस्त्रक्रिया केली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग या बाईंची. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून बाळाचं हृदय त्या बोटांनी ओळखत. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, पण पुढे हजारो बाळं या वाटेनं जगली.

त्याच बाल्टिमोरात 1957 साली रॉबर्ट चॅनॉक यांना आजारी बाळांत एक विषाणू सापडला. त्याला आज आरएसव्ही म्हणतात. मोठ्यांना त्यानं बहुधा नुसती सर्दी होते. तान्ह्याच्या बारीक श्वासनळ्या मात्र सुजतात, कफानं भरतात. फुफ्फुसातला रक्तदाब चढतो आणि नुकत्याच शिवलेल्या हृदयावर भार येतो. 1982 साली छापलेल्या एका पाहणीत, हृदयदोष असून या विषाणूनं दवाखान्यात आलेल्या बाळांपैकी शंभरी 37 दगावली होती. पुढे उपचार सुधारले, प्रमाण पुष्कळ उतरलं. 1998 साली अमेरिकेत बचावाचं इंजेक्शन मंजूर झालं. पण ते महाग, आणि दर महिन्याला घ्यायचं.

स्वस्त उपाय 1981 सालच्या एका प्रयोगात दिसतो. आजारी बाळांना कुशीत घेणाऱ्या 7 जणांपैकी 5 जणांना लागण झाली, नुसत्या वस्तूंना हात लावणाऱ्या 10 पैकी 4 जणांना. लांब बसलेल्या 14 जणांपैकी एकालाही नाही. म्हणजे हात धुवा, अंतर ठेवा.

जिवाला त्रास नको म्हणून तोंडाला कपडा लावणं आपल्याला नवं नाही. पण नाक गळणाऱ्या आत्याबाईंना दारातून परत पाठवणं सुनेच्या तोंडून निघत नाही. ते काम सासूबाईंनी करावं. “बाळ बरं आहे, महिन्यानं या,” एवढं त्या म्हणाल्या तर कुणी रुसणार नाही. आणि रुसलंच, तर रुसवा काढता येतो.