आपल्या टँकची पांढरी रेघ

संपादक मंडळाने सोसायटीच्या इतिहासावर लिहायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं असणार की मी सिंकिंग फंडाचा इतिहास लिहीन. मला लिहायचंय ते पोहण्याच्या टँकमधल्या निळ्या टाइल्सवर, पाण्याच्या पातळीला जी पांढरी रेघ उमटायची तिच्याबद्दल.

पाण्याबरोबर काय काय येतं याचा विचार पुण्यात फार जुना. नानासाहेब पेशव्यांनी १७५०च्या सुमारास कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं, त्या वाटेवर उच्छ्वास बांधले. त्यात गाळ खाली बसे आणि हवा बाहेर पडे. पुढे खडकवासला आलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, खडकवासलाही गेलं, तेव्हा मी शाळकरी होतो. नळ बंद, विहिरीचं पाणी काढायचं. आईची डाळ शिजेना आणि साबणाला फेस येईना. जड पाणी म्हणजे काय, हे मी तेव्हा शिकलो.

धरणाचं पाणी पावसाचं, त्यामानाने मऊ. बोअरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून मुरत येतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर ६००पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. आपला टँक पहिल्या दिवसापासून बोअर आणि टँकरवर. उन्हाने पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, वर पुन्हा तेच पाणी भरायचं. व्याज मुद्दलात मिळवत जाण्यासारखंच हे. त्यात आपण टाकत होतो ब्लीचिंग पावडर, तिच्यातही कॅल्शियमच!

२००८ साली मी खजिनदार होतो. रेघ बोटभर जाड झाली होती, मुलांचे गुडघे खरचटायचे. तीन कोटेशनं आली. मी सर्वांत स्वस्त मंजूर केलं. दोन तासांत ॲसिडने रेघ गेली, आम्ही टाळ्या वाजवल्या. पण ॲसिडने टाइल्सच्या दरजांमधलं सिमेंटही खाल्लं. आणि कामावरच्या पोराने क्लोरीन पावडरच्या न धुतलेल्या बादलीतच ॲसिड ओतलं. विषारी वायू झाला. तो खोकत, डोळे चोळत वर आला, दोन रात्री दवाखान्यात होता. बिल सोसायटीने दिलं. मिनिट्समध्ये 'किरकोळ खर्च' असं लिहिलंय, ते अक्षर माझं आहे. ती नोंद मी आज इथे दुरुस्त करतो.

दरजा गेल्या, टाइल्स सुटल्या, टँक गळू लागला. २०१५-१६च्या टंचाईत पुण्याला दिवसाआड पाणी होतं, तेव्हा तर तो कोरडाच पडला. सर्वसाधारण सभेत ठराव आला, माती भरून पार्किंग करा. (चारचाकीवाले जोरात होते.) ठराव थोडक्यात पडला, तो आपल्याकडच्या निवृत्त रसायनशास्त्राच्या बाईंमुळे. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, रेघ काढायची नसते, होऊच द्यायची नसते."

पाण्याचा पीएच वर गेला की क्षार टाइलला धरतात. तो ७.२ ते ७.६ ठेवायचा, आठवड्यातून दोनदा तपासायचा. ब्लीचिंग पावडरऐवजी कॅल्शियम नसलेलं क्लोरीन वापरायचं. पावसाळ्यात थोडं पाणी काढून छपरावरचं गाळलेलं पाणी भरायचं. काढलेलं फ्लशला चालतं. दर शनिवारी पातळीच्या ओळीवर नायलॉनचा ब्रश. तरीही थर दिसला तर फडकं व्हिनेगरमध्ये भिजवून पंधरा मिनिटं दाबून ठेवायचं, मग घासायचं. अगदीच हट्टी असेल तर टाचा घासायचा प्युमिस दगड, तोही ओला करून, आधी कोपऱ्यात बघून. मऊ काचेच्या टाइल्सवर मात्र नको, ओरखडे पडतात. इतकंच. दरजा नव्याने भरायला जे लाखभर रुपये गेले, त्याच्यापुढे ब्रशचा खर्च काय सांगायचा?

बाई आता नाहीत. त्यांनी सुरू केलेली वही पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. काल पाहिलं, ७.४ आहे. शनिवारी सकाळी सात वाजता घासायला आम्ही चौघे असतो, त्यातले तिघे सत्तरीच्या पुढचे. दोन तरुण हात मिळाले तर बरं होईल.