कासव, हिरवा लॅपटॉप आणि एक संमतीपत्र

मागच्या आठवड्यात मुलीच्या शाळेतून एक कागद आला. पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाला टॅब्लेट, पैसे हप्त्याने, खाली पालकांची सही. इथे नवीन पनवेलमध्ये आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लगेच दोन पार्ट्या पडल्या. मी कागद फ्रीजला चिकटवला आणि शनिवारची दुपार जुन्या गोष्टी उकरण्यात घालवली.

आमच्या शाळेतही कॉम्प्युटर होते. चपला बाहेर काढून आत जायचं, अगदी देवळासारखं. एका मशीनवर तिघं. शिकायचं काय, तर लोगो. पडद्यावरच्या कासवाला 'फॉरवर्ड ५०, राइट ९०' असं चारदा सांगितलं की ते चौकोन काढतं. परीक्षेत मात्र हेच कागदावर लिहायचं, कासवाशिवाय! मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

गंमत म्हणजे हे कासव पाठांतरासाठी नव्हतंच. १९६७ साली अमेरिकेत सेमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोगो तयार केली. पेपर्टचं म्हणणं असं, की कॉम्प्युटरने मुलाला शिकवू नये, मुलाने कॉम्प्युटरला शिकवावं. चुकलं तर का चुकलं ते स्वतः शोधावं. (यालाच आम्ही डिबगिंग म्हणतो आणि त्याचा पगार घेतो.) आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारचा 'क्लास' प्रकल्प आला, सुरुवातीला सुमारे २५० शाळांत, ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो घेऊन. आमच्यापर्यंत यायला अजून बरीच वर्षं लागली. मशीन आलं, कल्पना बहुतेक कस्टममध्येच अडकली.

पेपर्टचाच विचार पुढे निकोलस नेग्रोपाँटे यांनी उचलला. २००५ मध्ये त्यांनी घोषणा केली: शंभर डॉलरचा लॅपटॉप, प्रत्येक मुलाला एक. (किंमत शंभरवर कधीच आली नाही, ते सोडा.) २००६ मध्ये आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने सरळ नकार दिला. आधी वर्ग आणि शिक्षक हवेत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा मला हे टिपिकल सरकारी वाटलं होतं.

तरीही २००७ साली या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग झाला, आणि तो चक्क आपल्या रायगड जिल्ह्यात. खैराट गावची एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथीची वीसेक मुलं, गुरुजी एकच. हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपचा पडदा उन्हातही दिसायचा, कॅमेरा होता, आणि इंटरनेट नसलं तरी शेजारच्या लॅपटॉपशी तो थेट बोलायचा. विचार करा, गुरुजी पहिलीला बाराखडी शिकवताहेत तेव्हा चौथीने काय करायचं? अशा शाळेत लॅपटॉप म्हणजे चैन नव्हे, सोय.

पण मुलं जास्त शिकली का? वीस मुलांवरून ते सांगता येत नाही. आकडे आले पेरूहून. त्या देशाने असे आठ लाखांहून जास्त लॅपटॉप घेतले. ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला: गणित आणि भाषा, दोन्हींत फरक नाही. तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, इतकंच. मुलं लॅपटॉप वापरत होती, पण बहुतेक लिहायला आणि आकडेमोडीला. म्हणजे वही आणि कॅल्क्युलेटर. शिक्षकांना या वस्तूचं वर्गात नेमकं काय करायचं, हे कोणी नीट सांगितलंच नव्हतं. मंत्रालयाबद्दलचं माझं मत मी इथे मागे घेतो.

सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीला रणजितसिंह डिसले गुरुजींनी उलट्या टोकाने सुरुवात केली. मुलांच्या हातात आधीच असलेलं पाठ्यपुस्तक घेतलं आणि त्यावर क्यूआर कोड लावले. नवीन मशीन प्रत्येकाला नाही, घरातला फोन पुरे. कोडमागे काय ठेवायचं ते शिक्षक ठरवणार. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला तो उगाच नाही.

पालकसभा येत्या शनिवारी आहे. टॅब्लेटवर मुलं स्वतः काही बनवणार, की फक्त व्हिडिओ बघणार, आणि शिक्षकांना शिकवायला किती दिवस दिलेत, एवढंच विचारणार आहे. दरम्यान घरच्या जुन्या लॅपटॉपवर मुलीला लोगो टाकून दिली. तिला गोल काढायचा होता. कासव दोनदा पडद्याबाहेर गेलं, मी तोंड बंद ठेवलं (कठीण असतं हो हे). पाऊण तासाने तिने 'फॉरवर्ड १, राइट १' हे ३६० वेळा करून गोल काढला आणि मला विचारलं, "बाबा, हा खरंच गोल आहे का?"

कागद अजून फ्रीजवरच आहे.