पगारपत्रकांतील दोन ओळी



अहमदनगर शहराहून (२०२४ सालीं त्याचें सरकारी नांव अहिल्यानगर झालें) मनमाडच्या रस्त्यानें उत्तरेकडे निघालें, कीं शहर संपतें न संपतें तोंच नागापूर लागतें. नागापूर म्हटलें कीं आज कोणाच्याहि डोळ्यांपुढें येते ती तेथील औद्योगिक वसाहत. सकाळीं कामगारांची रीघ कारखान्यांकडे वळते, आणि महिनाअखेर त्यांतील पगारदाराच्या हातीं एक पगारपत्रक पडतें. त्या पत्रकांत कपातीच्या सदराखालीं दोन लहानशा ओळी असतात. एक प्राप्तिकराची, दुसरी व्यवसायकराची. पहिला पैसा दिल्लीस जातो, दुसरा मुंबईस. एकाच माणसाच्या एकाच कमाईवर दोन सरकारें हात कां घालतात, आणि दोघांचे हात सारख्या लांबीचे कां नाहींत, हें आज सांगावयाचें आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु या दोन ओळींच्या मागें एक बंड, दोन दुष्काळ आणि दिल्ली-मुंबईचें शंभर वर्षांचें भांडण उभें आहे.

बंड अर्थात् १८५७ चें. तें मोडण्याच्या खर्चानें सरकारची तिजोरी खालीं बसली, तेव्हां ती सावरण्यासाठीं विलायतेहून जेम्स विल्सन नांवाचा अर्थशास्त्री बोलाविण्यांत आला. लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ पत्राचा हा संस्थापक. १८ फेब्रुवारी १८६० रोजीं त्यानें पहिलें अंदाजपत्रक मांडलें आणि हिंदुस्थानांत प्राप्तिकर आणला: दोनशें ते पांचशें रुपयांच्या वार्षिक प्राप्तीवर शेंकडा दोन, त्यापुढें शेंकडा चार. शेतीची प्राप्तीहि त्यांतून सुटली नव्हती. याला पहिला मोठा विरोध झाला तो प्रजेकडून नव्हे. मद्रासचा गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यानें उघडपणें विरोध केला, आणि त्याबद्दल त्याला परत बोलाविण्यांत आलें. विल्सन त्याच वर्षीं ऑगस्टांत कलकत्त्यास वारला. गंमत अशी, कीं पुढें ट्रेव्हेलियनच हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री होऊन आला, आणि १८६५ त हा कर बंद पडला तो त्याच्याच कारकीर्दींत. त्यानंतरचीं वीस वर्षें कर कधीं येई, कधीं जाई, कधीं नांव बदलून येई.

या वेषांतरांपैकीं एक आपल्या प्रांताच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ नगर जिल्ह्यासह सगळ्या दख्खनवरून गेला. पुढच्या दुष्काळाची तरतूद म्हणून सरकारनें १८७८ त व्यापारधंद्यांवर परवाना-कर बसविला, आणि त्याचे कायदे निरनिराळ्या प्रांतांसाठीं निरनिराळे केले. मुंबई इलाख्यांत या करापायीं सुरतेस दंगा झाला. दुष्काळासाठीं धंद्यांवर कर, ही कल्पना येथें प्रथम दिसते. ती शंभर वर्षांनीं पुन्हा भेटेल, म्हणून लक्षांत ठेवावी.

१८८६ सालीं प्राप्तिकर कायमचा झाला. शेतीच्या प्राप्तीला मात्र त्यांतून वगळलें. शेतकरी शेतसारा भरतोच, असें त्याचें समर्थन होतें. त्या वेळचा पगारदाराचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. वर्षाला पांचशें रुपयांच्या आंत पगार असेल तर कर नाहीं. दोन हजारांच्या आंत रुपयामागें चार पै. दोन हजार व त्यावर पांच पै. एका रुपयाच्या १९२ पै. तेव्हां महिना पन्नास रुपये मिळविणाऱ्या कारकुनाला वर्षाच्या सहाशें रुपयांवर साडेबारा रुपये द्यावे लागत. आतां १,९९९ रुपयांचा पगार घ्या. त्यावर कर ४१ रुपये १० आणे ४ पै. साहेबानें मेहेरबानी करून एक रुपया वाढविला, कीं कर ५२ रुपये १ आणा ४ पै! म्हणजे एका रुपयाच्या बढतीपायीं साडेदहा रुपयांच्या जवळपास खड्डा. याचें कारण, वरचा दर वरच्या रुपयाला नव्हे तर सगळ्या पगाराला लागे. जिन्याच्या पायऱ्यांसारखी ही पद्धत पन्नासांहून अधिक वर्षें चालली. १९३९ सालीं ती जाऊन थरांची पद्धत आली: प्राप्तीचे थर करावे, आणि प्रत्येक थराला त्याचा त्याचा दर लावावा. आजचा हिशेब याच रीतीनें होतो.

तो हिशेब नागापुरावरच करूं. एखाद्या कारखान्यांतील अनुभवी इंजिनियराचा २०२५-२६ या वर्षाचा पगार पंधरा लाख रुपये धरा, आणि त्यानें नवी करपद्धत पत्करली आहे असें समजा. प्रथम ७५,००० रुपयांची ठरीव वजावट, उरले १४,२५,०००. पहिले चार लाख मोकळे. पुढच्या चार लाखांवर शेंकडा ५, म्हणजे २०,०००. त्यापुढच्या चार लाखांवर शेंकडा १०, म्हणजे ४०,०००. राहिलेल्या सव्वादोन लाखांवर शेंकडा १५, म्हणजे ३३,७५०. बेरीज ९३,७५०. तिच्यावर आरोग्य व शिक्षण यांसाठीं शेंकडा ४ उपकर, ३,७५० रुपये. एकूण ९७,५००. ही झाली दिल्लीची ओळ. मुंबईची ओळ याहून पुष्कळ सोपी आहे: अकरा महिने २०० रुपये आणि फेब्रुवारींत ३००, मिळून २,५००. दोन्ही सरकारांचे मिळून बरोबर एक लाख. (जुन्या पद्धतींत व्यवसायकर आधीं वजा करून मग प्राप्तिकर काढीत, नव्या पद्धतींत ती वजावट नाहीं.)

पायऱ्यांची जुनी खोड मात्र अगदींच गेली आहे असें नाहीं. करपात्र प्राप्ति बारा लाखांपर्यंत असेल तर या वर्षीं सूट मिळून सगळा कर माफ होतो. बारा लाखांवर दहा हजार जास्त झाले, तर हिशेबानें एकदम ६१,५०० रुपये कर लागावा. १८८६ च्या कारकुनाचीच गत! म्हणून कायद्यानें तेथें एक लहानसा पूल बांधला आहे: बारा लाखांवर जेवढी प्राप्ति जास्त, तेवढ्यापेक्षां कर जास्त घ्यावयाचा नाहीं. त्यामुळें त्या गृहस्थाला उपकर सोडून दहा हजारच भरावे लागतात.

आतां भांडणाकडे वळूं. १९१९ च्या सुधारणांनंतर शेतसारा प्रांतांकडे गेला आणि प्राप्तिकर मध्यवर्ती सरकारकडे. मेस्टन साहेबांच्या समितीनें प्रांतांच्या देण्याघेण्याचा जो निवाडा केला, त्यानें मुंबई आणि बंगाल हे दोन प्रांत फार नाराज झाले. त्यांचें म्हणणें असें, कीं शेतीप्रधान प्रांतांना त्यांच्या संपत्तीचा मूळ झरा मिळाला, पण गिरण्या आणि पेढ्या ज्या प्रांतांत, त्यांचा झरा दिल्लीनें वळवून नेला. या वाटणीचा पूर्वेतिहास पाहावयाचा असेल, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील प्रबंध उघडावा. १९२५ त लंडनमध्यें तो प्रसिद्ध झाला, आणि १८३३ पासूनची मध्यवर्ती व प्रांतिक सरकारांची देवाणघेवाण त्यांत तपासली आहे. बाबासाहेबांचा हा पैलू आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतो, याचें मला नेहमीं नवल वाटतें.

१९३५ च्या कायद्यानें कर बसविण्याचा अधिकार दिल्लीकडेच ठेवला, पण उत्पन्नांत प्रांतांचा वांटा मान्य केला. १९३६ त सर ऑटो नीमायर यांनीं तो निम्मा ठरविला, आणि त्या निम्म्यांतील शेंकडा २० मुंबईला व तितकाच बंगालला दिला. फाळणीनंतर हीं प्रमाणें बदलणें भाग होतें. तें काम चिंतामणराव देशमुखांकडे आलें. जानेवारी १९५० च्या त्यांच्या निवाड्यांत मुंबईला शेंकडा २१ मिळाले, आणि फाळणीनें लहान झालेल्या पश्चिम बंगालला साडेतेरा. त्यानंतर हें काम दर पांच वर्षांच्या वित्त आयोगांकडे गेलें.

तेव्हां प्रांतांच्या हातीं स्वतःचें असें काय राहिलें? एक, शेतीच्या प्राप्तीवर कर. आणि दोन, धंदे व नोकऱ्या यांवर कर. पहिला अधिकार महाराष्ट्रानें वापरला नाहीं असें नव्हे. १९६२ सालीं तसा कायदा झाला, पण तिजोरीच्या हिशेबांत त्याला मोठें स्थान कधीं मिळालें नाहीं. ज्या विधिमंडळांत शेतकऱ्यांचे प्रतिनिधि बहुसंख्य, तेथें याहून निराळें होणें कठीणच होतें. १९७३ पासून दिल्लीनें एवढें मात्र केलें, कीं ज्याला नोकरी-धंद्याची करपात्र प्राप्ति आहे, त्याची शेतीची प्राप्ति दर ठरविण्यापुरती तींत मिळवावी. शेतीवर कर नाहीं, पण शेतीमुळें नोकरीवरचा कर चढतो.

दुसऱ्या अधिकाराची हकीकत अधिक मनोरंजक आहे. १९३९ सालीं संयुक्त प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें मोठ्या पगारांवर चढत्या दराचा नोकरी-कर बसविण्याचें ठरविलें. दिल्लीला आणि विलायतेला हें झोंबलें. हा तर दुसऱ्या दारानें आलेला प्राप्तिकर! लगेच १९४० त पार्लमेंटानें कायदा दुरुस्त केला, आणि धंदे-नोकऱ्यांवरील प्रांतिक कर दरमाणशीं वर्षाला पन्नास रुपयांपेक्षां जास्त असूं नये असें बंधन घातलें. स्वतंत्र भारताच्या घटनेनें हें बंधन काढलें नाहीं. २७६ व्या कलमांत पन्नासांचे अडीचशें केले एवढेंच. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीनें अडीचशेंचे अडीच हजार झाले. इंग्रजांनीं घाईनें घातलेलें हें कुंपण अजून जागच्या जागीं आहे. फेब्रुवारीचे तीनशें रुपये हें त्याचेंच चिन्ह. वर्षाची बेरीज काठावर आणावयाची, पण ओलांडावयाची नाहीं.

महाराष्ट्रांत व्यवसायकर आला तो १ एप्रिल १९७५ रोजीं, आणि तो दुष्काळांतून आला. १९७२ चा दुष्काळ नगरकरांना सांगावयास नको. खडी फोडणाऱ्या बायाबापड्यांची तीं दृश्यें घराघरांतून अजून सांगितलीं जातात. विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं पुढें मांडलेली रोजगार हमीची कल्पना राज्यानें त्याच वर्षीं उचलली होती: ग्रामीण भागांत जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचें काम मागेल, त्याला तें सरकारनें दिलेंच पाहिजे. १९७७ त तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. पैसा कोठून? तर शहरांतील पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या व्यवसायकरांतून आणि त्याच्या जोडीच्या कांहीं करांतून. आणि जेवढें त्यांतून जमेल, तेवढीच भर सरकारनें घालावयाची. १८७८ च्या परवाना-कराशीं याचें नातें उघड आहे. फरक एवढाच, पण तो फार मोठा, कीं त्या वेळीं तरतूद सरकारच्या मर्जीवर होती, आणि या वेळीं मजुराला हक्क मिळाला. हा पैसा कोठें जातो हें पाहण्यास नागापूरकरांना दूर जावें लागत नाहीं. नगर तालुक्यांतल्याच हिवरे बाजार गांवीं १९९० नंतरच्या दशकांत ओसाड डोंगरउतारांवर जीं पाणलोटाचीं आणि झाडीचीं कामें झालीं, त्यांत रोजगार हमीचा निधिहि होता.

म्हणून मीं मुंबईची ओळ लहान असली तरी हलकी मानीत नाहीं. तरी तिच्यांत एक अन्याय आहे, आणि तो बोललाच पाहिजे. त्याच कारखान्यांत महिना पंचवीस हजार मिळविणारा कामगार घ्या. दिल्लीच्या ओळींत त्याच्यापुढें शून्य आहे. मुंबईच्या ओळींत मात्र २,५००, अगदीं त्या इंजिनियराइतकेच. कारण दहा हजारांच्या वर सगळे पगार सारखे. २०२३ पासून पंचवीस हजारांपर्यंतच्या पगाराच्या स्त्रियांना हा कर माफ झाला, ही चांगली गोष्ट झाली. पुरुष कामगाराला ती सवलत नाहीं. पंधरा लाखांच्या पगाराला जें एका जेवणाचें बिल, तें तीन लाखांच्या पगाराला घरच्या महिन्याभराच्या भाजीचे पैसे असतात. याचा दोष राज्याला पुरता देतां येत नाहीं. वर कुंपण असल्यावर चढता दर लावावयास जागा उरते ती खालींच, आणि ती जागा राज्यानें फार थोडी वापरली आहे.

एक हिशेब मात्र राहिला. इंजिनियराच्या ९७,५०० पैकीं परत महाराष्ट्राच्या वांट्याला काय येतें? उपकर वांटला जात नाहीं, तो दिल्लीचाच. उरलेल्या ९३,७५० पैकीं पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे २०२६ पर्यंतच्या, वाटणीप्रमाणें शेंकडा ४१ सर्व राज्यांचे. हे ३८,४३७ रुपये. त्यांत महाराष्ट्राचा वांटा शेंकडा ६.३१७. वसुलीचा खर्च सोडून दिला, तर हातीं येतात सुमारें २,४२८ रुपये. म्हणजे दिल्लीच्या मोठ्या ओळींतून फिरून येणारा पैसा आणि मुंबईची स्वतःची लहान ओळ, हीं दोन्हीं जवळजवळ सारखींच! देशमुखांच्या २१ शीं या ६.३१७ ची तुलना सरळ करतां येत नाहीं. त्या वेळच्या मुंबई राज्यांत गुजरातहि होता, आणि आतां २००० सालापासून सगळेच मध्यवर्ती कर एकत्र करून वांटतात. तरी मुंबईकरांची जुनी तक्रार कोठून येते, हें या आंकड्यांवरून समजेल. मला स्वतःला ती अर्धीच पटते. मुंबईच्या पेढ्यांचा पैसा काढून नगरच्या दुष्काळी शिवारांत खर्च करावा, हें आपण १९७५ त न्याय्य मानलें. मग महाराष्ट्राचा पैसा बिहारच्या शिवारांत जाऊं नये असें म्हणतांना निदान आवाज थोडा खालीं आणावा लागतो. उपकराची गोष्ट निराळी. तो वाटणीच्या बाहेर ठेवण्याला असें कोणतेंहि समर्थन मला सांपडत नाहीं, आणि या तक्रारींत बिहार आणि महाराष्ट्र हे दोघेहि एकाच बाजूला आहेत.