प्रस्तावना : घर, लोकल आणि रोजगार

या विषयाकडे वळणाऱ्याला पहिल्याच पानावर कोडे पडते. केंद्राच्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षे व त्यावरील ग्रामीण स्त्रियांपैकी ४७.६ टक्के श्रमशक्तीत होत्या, शहरी स्त्रियांपैकी फक्त २८ टक्के. शहरात शिक्षण जास्त, नोकऱ्या जास्त. मग बायका कमी का? हे कोडे सोडवायला डोंबिवली स्टेशनबाहेरचा रस्ता बराच उपयोगी पडतो.

संध्याकाळी लोकलमधून उतरलेल्या नोकरदार बायका पोळी-भाजी केंद्रापुढे थांबतात. आत चार जणी पोळ्या लाटत असतात. त्यांची सर्वेक्षणात कामगार म्हणून नोंद होते. दिवसभर घरच्यांसाठीच पोळ्या लाटणारी त्यांची शेजारीण ९२ या संकेतांकाखाली जाते, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. पीठ तेच, लाटणे तेच! आणि या चौघींनी पोळ्या लाटल्या नाहीत, तर बाहेर थांबलेलीची नोकरी किती दिवस टिकेल? पाळणाघराचेही तसेच. त्याची फी पगाराच्या किती जवळ जाते, यावर नोकरी धरायची की सोडायची हे ठरते, आणि हा हिशेब बाईच्याच पगारातून मांडायची आपल्याकडे रीत आहे.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चे नोबेल मिळाले ते अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी धुंडाळल्याबद्दल. विकासाबरोबर स्त्रियांचा सहभाग सरळ वाढत जात नाही, आधी घसरतो, हे त्यांनी दाखवले. ते इथे पडताळताना कल्याण ते सीएसएमटी हे पन्नासहून अधिक किलोमीटर विसरून चालणार नाही. १ जुलै १९९२ रोजी कल्याणची महिला विशेष लोकल सुरू झाली. तिने धक्काबुक्की टळली, प्रवासाचा वेळ वाचला नाही. आणि वेळच तर अपुरा : २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २९९ मिनिटे घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७.

कायदे आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे झाले. चौघींच्या पोळी-भाजी केंद्राला ही सक्ती लागू नाही.

अर्थशास्त्र न शिकलेल्यांनीही इथे निःसंकोच यावे. विनंती एकच : कोणताही टक्का उद्धृत करण्यापूर्वी त्यामागची प्रश्नावली वाचावी.