ना. वा. टिळकांना येशू कसा उमगला?

मराठी ख्रिस्ती कुटुंबांत येशूची ओळख पुष्कळदा गाण्यांतून होते. त्यातली बरीच गाणी कवी नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) आहेत.

टिळक चित्पावन ब्राह्मण. रेल्वेत एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. संसार मात्र विस्कटला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतः विचार करून. ही सगळी हकिगत त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि ती मुळातूनच वाचावी.

धर्म बदलला तरी टिळकांची भक्तीची भाषा वारकऱ्यांचीच राहिली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. देव त्यांना माउली वाटे, येशू गुरू. म्हणून उपासनेत परक्या चालींऐवजी अभंग, भजन, कीर्तन हवे, हा त्यांचा आग्रह.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच राहिले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी.